बिनजोड : सुमो, पडदा आणि समोरची रिकामी जागा

‘लिटल मिस सुमो’ ही मॅट के या दिग्दर्शकाची डॉक्युमेंटरी जेमतेम वीस मिनिटांची आहे. २०१९ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली. जेवणाच्या सुट्टीत फोनवर बघून संपते, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती बघितली असेल तर अशीच बघितली असणार. हियोरी कोन ही जपानच्या आओमोरी भागातल्या आजिगासावा गावची मुलगी. शाळेत असल्यापासून सुमो खेळते, कॉलेजात गेल्यावरही सोडत नाही, आणि फिल्मच्या शेवटी तैवानमध्ये भरलेल्या जागतिक हौशी सुमो स्पर्धेत उतरते. तिथे काय होतं ते सांगत नाही. वीस मिनिटं काढा आणि बघा.

फिल्म आवडली मला. हियोरी कुठेही बिचारी वाटत नाही. जपानमध्ये स्त्रीला व्यावसायिक सुमो खेळता येत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तरी ती रोज सराव करते, आणि फिल्म तिच्याकडे दयेने बघत नाही. एवढं जमणंही सोपं नाही.

पण संपल्यावर एक गोष्ट डोक्यात राहिली. कुस्ती दोघांची असते. कॅमेरा मात्र सगळा वेळ हियोरीजवळ. तिच्या समोर ज्या मुली उभ्या राहिल्या त्या कुठून आल्या? त्यांना हा खेळ कुणी शिकवला? त्या कुणाबरोबर सराव करतात? मग या विषयाच्या जवळपासचं जे जे आठवलं ते सगळं पुन्हा काढून बघितलं, तेव्हा लक्षात आलं की मुलगी आणि कुस्ती यांच्या बहुतेक गोष्टींमध्ये हीच जागा रिकामी असते. मुलीच्या मागे बाप असतो, बाजूला समाज असतो, वर झेंडा असतो. समोर कुणीच नसतं.

■

आधी खेळ थोडक्यात. मातीचा एक गोल, व्यास ४.५५ मीटर. त्याला दोह्यो म्हणतात. समोरच्याला गोलाबाहेर काढा, किंवा पायाच्या तळव्यांखेरीज त्याच्या अंगाचा कुठलाही भाग जमिनीला टेकवा. संपलं. पाठ टेकवायची गरज नाही, गुणांची मोजणी नाही. दुपारी जेवून झोपाळलेल्या माणसाला दोन वाक्यांत समजावता येईल असा नियम आहे. त्यामुळे बहुतेक कुस्त्या काही सेकंदांतच निकालात निघतात.

आपल्या डोक्यात सुमो म्हणजे दीडशे-दोनशे किलोचा माणूस. ते चित्र व्यावसायिक सुमोचं. तिथे वजनी गट नाहीत, त्यामुळे वजन वाढवण्यात शहाणपण असतं. आंतरराष्ट्रीय हौशी सुमोत वजनी गट आहेत. पुरुषांचा हलका गट अनेक वर्षं ८५ किलोपर्यंतचा होता, स्त्रियांचा ६५ पर्यंतचा. म्हणजे आपल्या कॉलेजच्या खो-खो टीममधली मुलगीही वजनाच्या हिशेबाने सुमो खेळू शकते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

‘हौशी’ या शब्दावरही जरा थांबू. आपल्याकडे हौशी म्हटलं की राज्य नाट्य स्पर्धा आठवते. दिवसा बँकेत किंवा शाळेत नोकरी, संध्याकाळी तालीम. हौशी नटाला पुढे व्यावसायिक व्हायचा रस्ता निदान कागदावर तरी मोकळा असतो. सुमोत पुरुषाला तो आहे. कॉलेजात हौशी सुमो खेळून कितीतरी जण व्यावसायिक झाले. स्त्रीला मात्र हौशी हीच पहिली पायरी आणि तीच शेवटची.

हे कसं झालं ते ‘लिटल मिस सुमो’ परंपरा आणि मुलगी यांच्या झगड्यातून सांगते. ते खोटं नाही. ती फिल्म ज्या वर्षी तयार झाली त्याच २०१८ च्या एप्रिलमध्ये जपानमधल्या माइझुरू गावी सुमोच्या कार्यक्रमात महापौर भाषण करता करता दोह्योवर कोसळले. प्रेक्षकांतल्या स्त्रिया धावत वर गेल्या आणि छाती दाबून प्रथमोपचार करू लागल्या. तेवढ्यात लाउडस्पीकरवरून पंचाचा आवाज आला : स्त्रियांनी दोह्योवरून खाली उतरावं. नंतर संघटनेच्या प्रमुखांनी माफी मागितली. नियम तसाच राहिला.

पण परंपरेची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. ‘निहोन शोकी’ हा जपानचा इसवी सन ७२० मधला ग्रंथ. सुमो हा शब्द लिखित स्वरूपात पहिल्यांदा त्यात येतो, आणि तो येतो स्त्रियांच्या कुस्तीसाठी. एक सुतार बढाई मारत असतो की माझा हात कधी चुकत नाही. त्याचं लक्ष उडावं म्हणून राजा दरबारातल्या स्त्रियांना कपडे उतरवून त्याच्यासमोर कुस्ती खेळायला लावतो. सुताराचा हात चुकतो. पुढे एदो काळात स्त्रियांच्या सुमोचे तमाशे भरत, आणि मेइजी काळात त्यांवर बंदी आली. म्हणजे स्त्री मातीत आली ती कधी कुणाचं लक्ष उडवायला, कधी गर्दी जमवायला. तिला खेळायचं आहे का, हा प्रश्न या नोंदींत कुठे येत नाही.

आणि आताची आंतरराष्ट्रीय स्पर्धा? आंतरराष्ट्रीय सुमो महासंघ १९९२ मध्ये स्थापन झाला. सुमोला ऑलिंपिकमध्ये न्यायचं हे त्याचं मोठं स्वप्न. ऑलिंपिकमध्ये जायचं तर खेळ स्त्रियांसाठीही खुला हवा. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९९२ पासून भरते, स्त्रियांची २००१ पासून. जपानमध्ये स्त्रियांच्या सुमोला शिन-सुमो, म्हणजे नवा सुमो, असं वेगळं नावही मिळालं होतं. खेळ अजून ऑलिंपिकमध्ये गेलेला नाही, पण या निमित्ताने युरोपात, मंगोलियात, तैवानमध्ये मुली मावाशी बांधून, म्हणजे तो जाड कमरपट्टा चढवून, उभ्या राहू लागल्या. माझ्या मते हीच या विषयातली सगळ्यात नाट्यमय गोष्ट आहे. ज्या खेळाच्या घरच्या दोह्योवर बाईचा पाय चालत नाही, त्याच खेळाला जगाच्या दारात उभं राहायला बाई लागते. एखादा कादंबरीकार यावर पाचशे पानं लिहील. ‘लिटल मिस सुमो’कडे वीसच मिनिटं होती आणि त्यांनी ती एका मुलीच्या जिद्दीला दिली.

■

मी अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरचा. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर आमचा किल्ला आहे, आणि आसपासच्या गावांत जत्रेला, पोळ्याला कुस्त्यांची दंगल भरते. दंगलीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘जोड’. पैलवान हात वर करून आखाड्याला फेरी मारतो. पंच त्याच्याकडे बघतात, गर्दीकडे बघतात, अंगापिंडाने तसाच कोण आहे ते शोधतात. दोघांचे हात एकमेकांत दिले की जोड लागली. त्यानंतर कुस्ती. जोड नाही तर कितीही मोठा पैलवान असो, त्याला कपडे घालून घरी जावं लागतं.

मराठीत ‘बिनजोड’ हे कौतुक आहे. ज्याला जोड नाही, ज्याच्या तोडीचा कुणी नाही, तो बिनजोड पैलवान. पण हा शब्द पुरुषाला लावला तरच कौतुक होतं. मुलीला लावून बघा.

माझी मावसबहीण कॉलेजात असताना कुस्ती खेळायची. एका स्पर्धेला ती सकाळी नऊ वाजता वजन देऊन, कॉश्च्युम घालून बसली ती दुपारी चारपर्यंत. तिच्या वजनात दुसरी एंट्रीच आली नव्हती. चार वाजता तिला बोलावून गळ्यात सुवर्णपदक घातलं, फोटो काढला, पुढच्या फेरीचं पत्र दिलं. पुढच्या फेरीत पहिली खरी कुस्ती मिळाली आणि एका मिनिटाच्या आत ती चीत झाली. समोरची मुलगी रोज पाच मुलींबरोबर लढून आली होती. घरी आल्यावर काकांनी विचारलं, “कायले तोंड पाडून बसली? पदक तं भेटलं ना?” ती म्हणाली, “लढून हरली असती तं चाललं असतं. हे पदक कायचं हाये तेच समजून नाही राहिलं.” त्या वर्षानंतर ती आखाड्यात गेली नाही. तिला कुणी अडवलं नव्हतं. घरच्यांनी बंदी घातली नव्हती, गावाने नावं ठेवली नव्हती. तिच्यावर सिनेमा काढायचा तर खलनायक सापडणार नाही.

म्हणून मला वाटतं, मुलींच्या कुस्तीच्या गोष्टी वाचताना-बघताना आपण ‘तिला कोण अडवतंय’ यासोबत ‘तिच्यासमोर कोण उभं आहे’ हेही विचारलं पाहिजे. दुसरा प्रश्न विचारला की नेहमीच्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात.

■

हमीदा बानू घ्या. १९५४ मध्ये तिने जाहीर केलं की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. आज तिची गोष्ट सांगताना हेच वाक्य मथळ्यात येतं आणि आपण ते धाडस म्हणून वाचतो. जोडीच्या बाजूने वाचा. बाई आहे म्हणून कुणी समोर येत नाही, तेव्हा तिने समोरच्याला आमिष दाखवलं. त्याच वर्षी बडोद्यात तिची कुस्ती छोटे गामा पैलवानाशी ठरली होती. बाईशी लढणार नाही म्हणून त्याने माघार घेतली. मग बाबा पैलवान उभा राहिला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत हरला. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आलं की कुस्तीवर बंदी ती बाई असल्यामुळे नाही, तिच्यासमोर आयोजक ‘डमी’ उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. म्हणजे खरी जोड मिळू द्यायची नाही, आणि जी मिळेल तिला खोटी म्हणायचं. त्या उत्तराइतकं चपखल वाक्य कुठल्या पटकथेत माझ्या वाचनात नाही.

आता ‘दंगल’. नितेश तिवारींचा हा २०१६ चा सिनेमा आपण सगळ्यांनी बघितलाय. त्याचा पूर्वार्ध अजूनही मला फार आवडतो, कारण तो जोडीविषयी आहे. गावात मुली लढत नाहीत, म्हणून गीता चुलतभावाबरोबर सराव करते. दंगलीत नाव द्यायला जाते तर आयोजक हाकलतो, आणि नंतर गर्दी जमेल म्हणून परवानगी देतो. ती समोर उभ्या असलेल्या मुलांतला सगळ्यात तगडा निवडते. त्या दृश्यात सिनेमा श्वास रोखायला लावतो, कारण आता तिच्यासमोर कुणीतरी आहे.

उत्तरार्धात हे सुटतं. प्रशिक्षक खलनायक होतो, बापाला खोलीत कोंडलं जातं, आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचा अंतिम सामना शेवटच्या सेकंदापर्यंत ताणला जातो. प्रत्यक्षात गीता फोगाटने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला १-०, ७-० असं सहज हरवलं होतं. सिनेमावाल्यांना ते कसं चालणार? त्यांनी प्रतिस्पर्धी मोठी केली. पण तिला मोठं करताना माणूस मात्र केलं नाही. ती फक्त उंच अडथळा झाली. तिचं गाव, तिचा सराव, तिच्यासमोर कोण होतं, यातलं काही आपल्याला कळत नाही. आणि सामना एवढा एकतर्फी का झाला असेल, हा खरा प्रश्न सिनेमाच्या ताणात हरवून जातो.

■

महाराष्ट्रात सुमोचं खरं उदाहरण आहे मुंबईच्या हेतल दवेचं. लहानपणापासून ज्यूदो, तिथून सुमो. २००८ मध्ये भारताची पहिली महिला सुमोपटू म्हणून लिम्का बुकात नाव. २००९ मध्ये तैवानच्या काओशुंगमध्ये वर्ल्ड गेम्स झाले, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांचा जागतिक मेळा. तिथे ती भारताकडून उतरली. मुंबईत सराव कुठे? ओव्हल मैदानावर, क्रिकेटच्या गर्दीत. कुणाबरोबर? भाऊ अक्षय आणि इतर मुलगे. सुमो खेळणारी दुसरी मुलगी सरावाला नव्हतीच. खेळाला सरकारी मान्यता नाही, त्यामुळे प्रायोजक शोधत फिरणं आलंच.

तिच्या आयुष्यावरून ‘सुमो दीदी’ हा हिंदी सिनेमा झाला. दिग्दर्शक जयंत रोहतगी, मुख्य भूमिकेत श्रीयम भगनानी. २०२३ च्या टोकियो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. आपल्याकडे कुणाला हा विषय सुचला आणि तो जपानपर्यंत नेता आला, याचा मला मनापासून आनंद आहे. त्याचा आराखडा मात्र बघा. शरीरावरून ऐकून घ्यावं लागणारी मुलगी, आणि तेच शरीर जिथे उपयोगी पडतं असा खेळ. जाड मुलीला तिचा खेळ सापडला, ही गोष्ट आपल्याला लगेच कळते, लगेच भिडते. आपल्या घराघरांत मुलींना वजनावरून बोलणारे बसलेलेच आहेत, तेव्हा तिची गरज नाही असं मी म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या आराखड्यात सुमो म्हणजे वजन, हा आपला जुना समज पक्का होतो. हौशी सुमोत ६५ किलोच्या आतल्या मुलींचाही गट असतो, हे ज्याला माहीत आहे त्याला कळतं की शरीर हा या खेळातला खरा पेच नाही. मावाशीवर पकड कशी घ्यायची, पहिल्या धडकेत किती खाली राहायचं, समोरचीचा जोर तिच्यावरच कसा उलटवायचा, हे सगळं समोर तशीच कुणीतरी असेल तरच शिकता येतं. ओव्हलवर भावाला ढकलून जोर वाढेल. पण युरोपातली मुलगी पहिल्या अर्ध्या सेकंदात काय करते, हे तिच्याशी शंभर वेळा भिडल्याशिवाय कसं कळणार? वर्षभर सराव करून, विमानाचे पैसे गोळा करून जायचं, आणि तिथे काही सेकंदांत बाहेर. त्या काही सेकंदांसाठी लागणारे हजारो सेकंद मुंबईत कुणाकडेच नव्हते. ‘सुमो दीदी’मधून मला हे एकटेपण बघायचं होतं. टोमण्यांचं एकटेपण पडद्यावर बऱ्याचदा येऊन गेलंय. जोड नसण्याचं यायचं आहे.

इथे वर्तमानपत्रांचाही हात आहे. ‘भारताची पहिली महिला अमुकतमुक’ हा मथळा आपल्याला फार प्रिय. पहिली म्हणजे सुरुवात, असं आपण गृहीत धरतो. पण तिच्यामागून दुसरी आली नाही तर पहिली म्हणजे एकटीच. मथळा छापून आल्यावर दुसरी कुठे आहे, हे बघायला कुणी परत जात नाही. एकटेपणाला विक्रम म्हणायची ही पद्धत मला माझ्या मावसबहिणीच्या पदकासारखी वाटते. फोटो चांगला येतो.

■

मग पडद्यावर जोड कुणी नीट दाखवली आहे का? माझं उत्तर थोडं अनपेक्षित आहे : ‘सँक्च्युअरी’. ही २०२३ मध्ये आलेली जपानी मालिका, आठ भाग, दिग्दर्शक कान एगुची. सगळी व्यावसायिक, म्हणजे पुरुषांच्याच सुमोची. नायक कियोशी ओझे हा एक उर्मट, पैशासाठी सुमोत आलेला पोरगा. एकेकाळी ज्यूदो खेळलेला, घरची परिस्थिती बिकट. सुरुवातीला त्याला परंपरेचं काडीचंही पडलेलं नसतं. त्याच्यासमोर येतो शिझुउची, जवळजवळ न बोलणारा अवाढव्य पैलवान. आणि मालिका इथे वेळ काढते. शिझुउचीचं बालपण, त्याची आई, त्याचं गप्प राहणं, हे सगळं आपल्याला दिसतं. शेवटच्या भागात दोघे समोरासमोर येतात, धडक घेतात आणि मालिका तिथेच संपते. कोण जिंकलं ते सांगत नाही.

हा शेवट पाहून बऱ्याच जणांना फसवल्यासारखं वाटेल. मला तो बरोबर वाटला. व्यावसायिक सुमोत कुस्ती सुरू करायला शिट्टी नसते. दोघं खाली वाकून एकमेकांकडे बघतात, आणि दोघांचेही हात जमिनीला टेकले, श्वास जुळला की एकाच क्षणी उसळतात. एकट्याला सुरू करता येत नाही. या क्षणाला ताचिआइ म्हणतात. मालिकेने आठ भाग खर्च करून आपल्याला तिथवर आणलं, आणि मग निकालाला महत्त्व उरलं नाही, कारण जोड लागली होती.

याच मालिकेत कुनिशिमा नावाची पत्रकार आहे. परदेशात राहून आलेली, राजकारणाच्या पानावरून सुमोच्या पानावर टाकलेली. तिला इथले स्त्रियांविषयीचे नियम पटत नाहीत. पण ती शेवटपर्यंत बघणारीच राहते. दोन पुरुषांना एवढी सुंदर जोड देणाऱ्या मालिकेत बाईची जागा प्रेक्षकांत. हौशी सुमो खेळणारी एखादी मुलगी एका दृश्यापुरती जरी आली असती तरी कुनिशिमाचे प्रश्न नुसते बोलण्यातले राहिले नसते.

■

या सगळ्यावरून मला काय हवंय? ‘लिटल मिस सुमो’ची वीस मिनिटं आणि ‘सँक्च्युअरी’चे आठ भाग यांच्यामधली एक गोष्ट. जागतिक हौशी स्पर्धेचा एक दिवस घ्या. दोन मुली निवडा. एक अशा देशातली जिथे तिच्या वजनाच्या दहा मुली रोज सरावाला येतात, दुसरी अशा देशातली जिथे ती एकटी आहे. दोघींनाही सारखा वेळ द्या. शेवटी चार सेकंदांची कुस्ती दाखवा, स्लो मोशन न लावता. कोण जिंकणार ते आपल्याला आधीच कळलेलं असेल आणि तरी आपण बघू.

तोवर निदान बातम्या वाचताना एक सवय लावून घेता येईल. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली २०२३ च्या मार्चमध्ये, सांगलीत. मधली बासष्ट वर्षं कुठे गेली हा प्रश्न आहेच. पण त्या दिवशी प्रतीक्षा बागडी जिंकली हे बहुतेकांना ठाऊक असतं, आणि अंतिम कुस्तीत तिच्यासमोर कल्याणची वैष्णवी पाटील होती हे फार थोड्यांना. पुढच्या वेळी कुणी पहिलीचं नाव सांगितलं की दुसरीचं विचारा. तिच्याशिवाय ती कुस्ती झालीच नसती.